शाळेच्या ऑफिसची किल्ली कोणाच्या हाती?

‘लातूर पॅटर्न’ची चर्चा गुणांच्या अंगाने खूप झाली. नांदेड-लातूरच्या खाजगी अनुदानित शाळांच्या ऑफिसात कोण बसले, हे मात्र आपल्या चळवळीनेही फारसे विचारले नाही. आपण शिक्षक झालो, प्राध्यापक झालो, त्याचा अभिमान आहेच. पण पगारबिल, सेवापुस्तके, शिष्यवृत्तीचे अर्ज आणि जनरल रजिस्टर ज्याच्या कपाटात असते, त्या बडेबाबूच्या खुर्चीत आपली माणसे किती?

जनरल रजिस्टरचेच घ्या. महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या पडताळणीसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा पाहिला जातो. 1948 पर्यंत आपला भाग निजामाच्या राज्यात होता आणि सरकारी कारभार उर्दूत चालायचा. आजोबांची जात त्या वेळच्या कारकुनाने कशी लिहिली, यावर आज नातवाचा प्रवेश अडतो. 1956 ला आपण बौद्ध झालो, केंद्राच्या सवलती बौद्धांना 1990 ला मिळाल्या. मधल्या चौतीस वर्षांत टी.सी.वरच्या एका शब्दाने किती घरे हेलपाटे घालत राहिली, ते जुन्या माणसांना विचारा.

हे काम पदवीने येत नाही, शेजारी बसून शिकावे लागते. बाबासाहेबांनी ही गोष्ट फार आधी ओळखली होती. 29 ऑक्टोबर 1942 रोजी व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी नोकऱ्या आणि शिष्यवृत्त्यांबरोबरच सरकारी छापखान्यांत व रेल्वेच्या कारखान्यांत अस्पृश्य तरुणांना उमेदवारीवर घ्यावे, अशी मागणी केली. पुढे 1961 चा शिकाऊ उमेदवार कायदा आला आणि 1973 च्या दुरुस्तीने त्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखीव झाल्या.

शाळांच्या ऑफिसात मात्र वेगळीच उमेदवारी चालत आली. संस्थाचालकाच्या नात्यातला मुलगा बिनपगारी येऊन बसतो, जुन्या बाबूंकडून बिले शिकतो, जागा निघाली की तोच ‘अनुभवी’ ठरतो. आपल्या मुलाने त्याच शाळेत शिपाई म्हणून घंटा वाजवायची! 1981 च्या सेवाशर्ती नियमावलीत नियम 9 नुसार आरक्षण आहे, पण बढती ज्येष्ठतेने मिळते. आपला माणूस उशिरा आत आला की बडेबाबू होण्याआधीच निवृत्त होतो.

2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावीला 6,000, आयटीआय-पदविकेला 8,000, पदवीधराला 10,000 रुपये विद्यावेतन. मुदत सहा महिने, नंतर पाच महिने वाढली. आपली अनेक पोरे शाळांत गेली. काहींनी शिकवले, काहींनी दिवसभर ऑनलाइन माहिती भरली. नोकरीची हमी नाही, म्हणून आंदोलने झाली आणि ती रास्तच होती. तरीही आम्ही म्हणतो, आत गेलेल्याने रिकाम्या हाताने बाहेर येऊ नये. शालार्थमध्ये पगारबिल कसे बनते, सेवापुस्तकात वेतनवाढीची नोंद कशी होते, वेतनेतर अनुदानाचा हिशेब कसा ठेवतात, हे विचारून घ्या. प्रमाणपत्रावर ‘संगणक काम’ एवढेच नको, केलेले प्रत्येक काम लिहून मागा.

आणि संस्थेची बिंदुनामावली मागा. ती मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यावी लागते. लिपिकाची जागा कोणत्या बिंदूवर आहे आणि किती वर्षे रिकामी आहे, ते त्यात दिसते. मिळाली नाही तर माहितीचा अर्ज टाका. नांदेडच्या शाळांची प्रकरणेही लातूरच्या शिक्षण उपसंचालक कार्यालयातच जातात.