१०० वं रेकॉर्ड काढलं आणि कंपनी बंद केली : 'सारा रेकॉर्ड्स'ची गोष्ट

ऑगस्ट १९९५. ब्रिटनमधल्या 'एनएमई' आणि 'मेलडी मेकर' या दोन मोठ्या संगीत साप्ताहिकांत एक जाहिरात आली. छोट्या म्युझिक कंपनीची जाहिरात म्हटल्यावर तुम्हाला काय वाटेल? नवा अल्बम येतोय, आजच विकत घ्या, वगैरे. इथं उलटंच होतं. आमचं १०० वं रेकॉर्ड आलं आहे आणि आता आम्ही कंपनी बंद करतोय, असं ती जाहिरात सांगत होती.

कंपनीचं नाव होतं 'सारा रेकॉर्ड्स'. कुणी ती विकत घेतली नव्हती आणि तिचं दिवाळंही निघालेलं नव्हतं. चालू असलेली कंपनी मालकांनी स्वतःहून बंद केली होती.

असं का केलं? आणि ३० वर्षांनंतरही या कंपनीच्या जुन्या रेकॉर्ड्स नव्याने का निघतायत? समजून घेऊया.

आधी मुद्दा क्लिअर करू : इंडी लेबल म्हणजे काय?

लेबल म्हणजे गाणी रेकॉर्ड करून बाजारात आणणारी कंपनी. सोनी, युनिव्हर्सल आणि वॉर्नर या जगातल्या तीन सगळ्यात मोठ्या. त्यांच्या मालकीबाहेरचं जे लेबल, ते इंडिपेंडंट, म्हणजेच इंडी. त्यातली काही लेबल्स चांगली मोठी असतात, तर काही दोन-तीन माणसं घरातून चालवतात.

'सारा' दुसऱ्या प्रकारातलं. क्लेअर वॅड आणि मॅट हेन्स या दोन तरुणांनी १९८७ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात ते सुरू केलं. त्याआधी दोघंही स्वतःचं 'फॅन्झिन' काढायचे. फॅन्झिन म्हणजे चाहत्यांनी स्वतः लिहून, झेरॉक्स काढून वाटलेलं छोटं मासिक. आपल्याकडे साठच्या दशकात मुंबईत लघुअनियतकालिकं निघायची, साधारण त्याच जातकुळीतलं. मोठे संपादक छापत नाहीत? मग आपणच छापू. याच विचारातून पुढे आपणच रेकॉर्ड काढू, असं ठरलं.

पहिलं रेकॉर्ड ते शंभरावं

नोव्हेंबर १९८७ मध्ये पहिलं रेकॉर्ड आलं. बँडचं नाव 'द सी अर्चिन्स', गाणं 'प्रिस्टिन क्रिस्टिन' आणि क्रमांक 'सारा १'. दुसरा क्रमांक ग्लासगोच्या 'द ऑर्किड्स'ला मिळाला. पुढे 'द फील्ड माइस', 'अनदर सनी डे', 'ब्लूबॉय', 'हेवनली' असे बँड जोडले गेले. सिडनीचा 'इव्हन अॅज वी स्पीक' आणि न्यूयॉर्कचा 'ईस्ट रिव्हर पाइप' यांची गाणीही इथून निघाली.

गिटार, साधी चाल, हळवे शब्द आणि कमी खर्चातलं रेकॉर्डिंग, असा या गाण्यांचा साधारण बाज. पण 'सारा'चं खरं वेगळेपण होतं ते रेकॉर्ड कसं काढायचं यात.

१) सिंगल हेच मुख्य रेकॉर्ड. बहुतेक कंपन्यांसाठी सिंगल म्हणजे अल्बमची जाहिरात. 'सारा'ने ७ इंची सिंगलवर भर दिला आणि सिंगलमधली गाणी शक्यतो अल्बममध्ये परत घातली नाहीत. एकच गाणं चाहत्यांना दोनदा विकायचं नाही, असा साधा हिशोब.

२) फॉरमॅटची चलाखी नको. त्या काळात कंपन्या एकच गाणं ७ इंची, १२ इंची, कॅसेट आणि सीडी अशा वेगवेगळ्या रूपांत आणायच्या. प्रत्येकात एखादं जास्तीचं गाणं टाकलेलं असायचं. कट्टर चाहता सगळं घेणार आणि गाणं चार्टमध्ये वर चढणार. क्लेअर आणि मॅट यांचा याला उघड विरोध होता. खिशात मोजके पैसे असलेल्या पोराला लुटायचा हा प्रकार आहे, अशी त्यांची भूमिका होती.

३) क्रमांक फक्त गाण्यांना नाही. १ ते १०० या यादीत काही क्रमांक फॅन्झिनला दिलेले आहेत. 'सारा ५०' तर चक्क बोर्ड गेम होता! अल्बमचे क्रमांक या यादीच्या बाहेर, वेगळे ठेवलेले होते.

४) आपलं गाव सोडायचं नाही. ब्रिटिश संगीताचा सगळा धंदा लंडनमध्ये असताना हे दोघं ब्रिस्टलमध्येच राहिले. 'टेम्पल क्लाउड', 'एअर बलून रोड' अशी त्यांच्या संग्रहांची नावं ब्रिस्टल आणि आसपासच्या जागांवरून घेतलेली आहेत. शेवटचा संग्रह, म्हणजे 'सारा १००', त्याचं नाव 'देअर अँड बॅक अगेन लेन'. या नावाची गल्ली ब्रिस्टलमध्ये खरोखरच आहे.

मग टीका कशावरून झाली?

ब्रिटिश संगीत पत्रकारांतल्या अनेकांनी 'सारा'ची टिंगल केली. त्यासाठी ठरलेला शब्द होता 'ट्वी'. म्हणजे गोग्गोड, बालिश, मुळुमुळु. बँडमधली मुलं 'शामळू' ठरली आणि मुली 'गोड' ठरल्या.

पण लेबलची निम्मी सूत्रं एका बाईच्या हातात होती. लेबलचं नावही बाईचं होतं आणि दोघंही स्वतःला उघडपणे स्त्रीवादी म्हणवायचे. पुरुषी रॉकच्या वातावरणात नाजूक गाणं गाणं हीच त्यांच्या लेखी भूमिका होती.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे 'हेवनली'. १९९३ च्या त्यांच्या 'पी.यू.एन.के. गर्ल' या रेकॉर्डमध्ये 'हार्ट्स अँड क्रॉसेस' नावाचं गाणं आहे. चाल एकदम उडती. विषय मात्र ओळखीच्या, आवडत्या मुलाकडून मुलीवर झालेला बलात्कार. नुसती चाल ऐकून 'गोड आहे' म्हणणाऱ्यांनी शब्द ऐकलेच नव्हते.

१०० वरच का थांबले?

२८ ऑगस्ट १९९५ ला ब्रिस्टलच्या बंदरात उभ्या असलेल्या 'थेक्ला' या जहाजावर निरोपाचा कार्यक्रम झाला आणि विषय संपला. जाहिरातीचं शीर्षक होतं 'अ डे फॉर डिस्ट्रॉयिंग थिंग्ज', म्हणजे गोष्टी मोडून टाकण्याचा दिवस. त्यामागचा विचार असा, की धंदा कायम वाढलाच पाहिजे हा नियम आपण मानायचा नाही. पॉप संगीतात नेमक्या वेळी थांबणं हाही एक निर्णय असतो.

पण गोष्ट तिथं संपली नाही

'हेवनली'चा ड्रमर मॅथ्यू फ्लेचर याने १९९६ मध्ये आत्महत्या केली आणि बँड थांबला. त्याची बहीण आणि बँडची गायिका अमेलिया फ्लेचर पुढे अर्थतज्ज्ञ झाली. बाजारातली स्पर्धा आणि ग्राहकांचं हित हा तिचा विषय. ब्रिटनच्या 'ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंग'मध्ये ती मुख्य अर्थतज्ज्ञ होती आणि नंतर प्राध्यापक झाली.

याच अमेलियाने 'हेवनली'मधला तिचा सहकारी रॉब पर्सी याच्यासोबत 'स्केप वॅक्स' हे छोटं लेबल काढलं. २०२२ मध्ये त्यांनी 'अंडर द ब्रिज' नावाचा संग्रह आणला. त्यात एकेकाळी 'सारा'वर असलेल्या कलाकारांची गाणी होती. जुनी नाहीत, नवी कोरी! त्याच वर्षापासून 'हेवनली'चे अल्बमही पुन्हा निघू लागले. २०२३ मध्ये बँड लंडनमध्ये परत मंचावर आला.

आज छोट्या लेबलला हे परवडतं कसं?

२०२४ पासून स्पॉटिफायवर मागच्या १२ महिन्यांत किमान १००० वेळा ऐकलं न गेलेल्या गाण्याला मानधन मिळत नाही. त्यामुळे छोट्या लेबलांची भिस्त थेट विक्रीवर असते. 'बँडकॅम्प' ही वेबसाइट डिजिटल विक्रीवर साधारण १५ टक्के आणि रेकॉर्ड-कॅसेटवर १० टक्के वाटा घेते. बाकीचे पैसे, व्यवहाराचा खर्च वजा जाता, लेबल आणि कलाकाराकडे जातात. कोरोनाच्या काळात, मार्च २०२० मध्ये, 'बँडकॅम्प फ्रायडे' सुरू झाला. त्या ठरलेल्या शुक्रवारी वेबसाइट स्वतःचा वाटा सोडते.

अशा लेबलच्या पेजवर 'प्री-ऑर्डर' दिसलं, तर ती नुसती जाहिरात समजू नका. किती प्रती छापायच्या, याचा अंदाज लेबलला त्यावरूनच येतो. जास्त छापल्या तर माल घरात पडून राहतो आणि कमी छापल्या तर नंतर तोच रेकॉर्ड जुन्या बाजारात अव्वाच्या सव्वा भावाने विकला जातो. त्यातला एक पैसाही कलाकाराला मिळत नाही. 'सारा'च्या जुन्या सिंगल्सचं नेमकं हेच झालं. म्हणूनच बँडने स्वतः काढलेली नवी आवृत्ती महत्त्वाची ठरते.

ऐकायची सुरुवात कुठून करायची?

'द फील्ड माइस'चं 'एमाज हाउस', 'द सी अर्चिन्स'चं 'प्रिस्टिन क्रिस्टिन' आणि 'हेवनली'चं 'पी.यू.एन.के. गर्ल' ही तीन गाणी आधी ऐका. इतिहास वाचायचा असेल, तर मायकल व्हाइट यांचं 'पॉपकिस' हे २०१५ चं पुस्तक आहे.

आणि हो, 'हार्ट्स अँड क्रॉसेस' ऐकाल तेव्हा शब्दांकडे लक्ष असू द्या.