‘ब्लिट्झ’चे करंजिया आणि एका मथळ्याची किंमत

तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाने टॅब्लॉइडवर का बोलावं? कारण सत्याचा प्रश्न तिथेही असतो. आणि तो वर्गापेक्षा तिथे जास्त लोकांपुढे येतो.

रूसी करंजिया यांनी १ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत ‘ब्लिट्झ’ हे इंग्रजी साप्ताहिक सुरू केलं. आकार टॅब्लॉइडचा, मथळे भडक, पण जीव राजकारणात. शेवटचं पान ख्वाजा अहमद अब्बास यांचं. १९५९च्या नानावटी खटल्यात ‘ब्लिट्झ’ने आरोपीची बाजू उघडपणे घेतली. पंचवीस पैशांचा अंक दोन रुपयांना विकला गेला. ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी नानावटींना निर्दोष म्हटलं. उच्च न्यायालयाने मात्र जन्मठेप दिली आणि १९६१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. म्हणजे खप एका बाजूला, पुरावा दुसऱ्या.

पण मला महत्त्वाचा वाटतो तो एप्रिल १९६१चा प्रसंग. आचार्य कृपलानींनी लोकसभेत संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्यावर कडाडून टीका केली. मेनन हे करंजियांचे आवडते. ‘ब्लिट्झ’ने मथळ्यात कृपलानींचं ‘कृपालूनी’ करून टाकलं! इंग्रजीत ‘लूनी’ म्हणजे वेडगळ. सभागृहाने हा हक्कभंग मानला. २९ ऑगस्टला करंजियांना लोकसभेपुढे उभं करून अध्यक्षांनी समज दिली.

आता, संसदेने संपादकाला असं उभं करावं का? माझ्या मते नाही. लोकप्रतिनिधीची थट्टा करण्याचा हक्क शाबूत राहिलाच पाहिजे. पण थट्टा म्हणजे उत्तर नव्हे. माणसाला वेडा ठरवलं की त्याच्या मुद्द्याला हात लावायची गरजच उरत नाही. १९६२च्या निवडणुकीत उत्तर मुंबईत मेनन यांनी कृपलानींना हरवलं. त्याच वर्षी चीनशी युद्ध झालं, सैन्याची तयारी उघडी पडली आणि मेनन यांना पद सोडावं लागलं. सैन्याच्या तयारीची चर्चा आधी शांतपणे व्हायला हवी होती की नाही?

विद्यार्थी असताना मीही असले मथळे वाचून हसलोय. पुढे वर्गात हाच तर्कदोष शिकवताना ते हसू आठवायचं.

करंजिया २००८मध्ये गेले. तारीख पुन्हा १ फेब्रुवारीच. सत्तेला न घाबरणारी लेखणी त्यांच्याकडे होती, हे मान्यच. आपल्या आवडत्या मंत्र्यालाही तोच प्रश्न विचारणं, ही मात्र त्याहून अवघड परीक्षा. वाचक म्हणून ती आपलीही आहे.