अर्धखुबारोपण : कृत्रिम भागाचे सरकणे

खुब्याच्या सांध्यातील गोळा काढून त्या जागी मांडीच्या हाडात दांड्याने रोवलेला धातूचा गोळा बसवला आणि नैसर्गिक वाटी तशीच ठेवली, की त्या शस्त्रक्रियेला अर्धखुबारोपण किंवा हेमिआर्थ्रोप्लास्टी म्हणतात. वृद्धांच्या मांडीच्या हाडाची मान मोडून सरकली असता ती मुख्यतः करतात. कालांतराने दांडा हाडाच्या पोकळीत सरकू शकतो आणि गोळा वाटीत.

दांडा : ऑस्टिन मूर यांच्या १९५० च्या दशकातील अमेरिकन रचनेत दांड्याला खिडक्या असतात. त्यांतून हाड वाढून पकड बसावी, ही अपेक्षा. ठिसूळ, रुंद पोकळीच्या हाडात पकड बसली नाही तर दांडा खचतो, फिरतो. पाय आखूड होतो आणि चालताना मांडी दुखते.

मात्र प्रत्येक खचणे म्हणजे बिघाड नव्हे. इंग्लंडमधील एक्सेटर येथे रॉबिन लिंग हे शल्यचिकित्सक व क्लाइव्ह ली हे अभियंते यांनी घडवलेला दांडा १९७० मध्ये वापरात आला. तो निमुळता, चकचकीत व बिनकॉलरचा होता. हाडात सिमेंटने बसवलेला असा दांडा त्या सिमेंटला चिकटत नाही. पाचरीप्रमाणे खाली उतरून आणखी घट्ट बसतो. पहिल्या दोन वर्षांत तो साधारण १ ते २ मिमी उतरतो, पुढे वेग मंदावतो. १९७६ मध्ये त्याचा पृष्ठभाग खरखरीत करण्यात आला, तेव्हा दांडे सैल होण्याचे प्रमाण वाढले. १९८६ मध्ये चकाकी परत आणावी लागली.

मापन : साध्या क्ष-किरण चित्रावर एवढे बारीक सरकणे भरवशाने मोजता येत नाही. स्वीडनमधील लुंड येथे यॉरान सेल्व्हिक यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या पद्धतीत हाडात टँटलमचे बारीक मणी बसवून एकाच वेळी दोन कोनांतून चित्रे घेतात. त्यांवरून मिमीच्या दशांशापर्यंतचा फरक कळतो.

वाटी : धातूखाली कूर्चा झिजते आणि गोळा वर व आत सरकतो. अधिक हालचाल करणाऱ्या रुग्णांत हा धोका जास्त असतो. दुहेरी गोळ्याच्या बायपोलर रचनेने झीज कितपत टळते, याबाबत मतभेद आहेत.



उपचार : लक्षणे तीव्र असल्यास वाटीही बदलून पूर्ण खुबारोपण करतात.

सिमेंट : सिमेंट वापरून व न वापरता केलेल्या अर्धखुबारोपणाची तुलना करणाऱ्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत ६० वर्षे व त्यापुढील १,२२५ रुग्ण होते. कृत्रिम भागाभोवतीचे हाड मोडण्याचे प्रमाण सिमेंट वापरलेल्या गटात ०.५ टक्के, तर आधुनिक बिनसिमेंट दांड्यांच्या गटात २.१ टक्के आढळले.