फी माफ, यादी बाकी

मृगाचा पाऊस आणि शाळेची यादी ही दोन्ही आपल्याकडे बरोबरच येतात. पाऊस कधीमधी चुकतो. यादी मात्र चुकत नाही. यंदाच्या जूनमध्ये आमच्या नातीची यादी आली, ती चिरंजीवांच्या मोबाईलवर. त्यांनी ती मोठ्याने वाचायला सुरुवात केली. एकरेघी वह्या इतक्या, दुरेघी इतक्या, चौकटीच्या इतक्या, चित्रकलेची वही, रंगीत खडू, तेलखडू, कात्री, डिंक, तपकिरी कागदाची गुंडाळी, नावाच्या चिठ्ठ्या. पुढे सूचना अशी की, वह्या शाळेचे नाव छापलेल्याच हव्यात आणि त्या अमुक एका दुकानातच मिळतील. सूनबाई म्हणाल्या, "गेल्या वर्षीच्या पाच वह्या निम्म्या कोऱ्या पडल्या आहेत, त्यांचं काय करायचं?" चिरंजीव म्हणाले, "ते यादीत लिहिलेलं नाही!" आम्ही सगळे हसलो. पण पैसे मोजून आल्यावर चिरंजीव काही हसले नाहीत.

त्या रात्री माझ्या मनात विचार आला, ही यादी मुळात आली कोठून? आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी ती होती काय? वाचकहो, या प्रश्नाच्या मागे मागे गेलो, तेव्हा महाराष्ट्रातल्या शिक्षणाचा दोनशे वर्षांचा इतिहासच उलगडत गेला. दिवाळीच्या फराळाबरोबर तो थोडा चाखून पाहावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

पंतोजींच्या शाळेला यादी नव्हती. देवळाच्या ओवरीत नाहीतर एखाद्या वाड्याच्या पडवीत पोरे बसत. पुढ्यात लाकडी फळी, तिच्यावर बारीक धूळ किंवा विटेचा भुगा पसरलेला आणि हातात काडी. लिहायचे, हाताने पुसायचे, पुन्हा लिहायचे. 'धुळाक्षरे गिरवणे' हा शब्दप्रयोग त्याच धूळपाटीवरून आला. हात बसला की बोरू आणि शाई मिळे. पंतोजी वर कित्ता घालून देत, पोरगा खाली गिरवी. पुस्तक नव्हतेच, पाढे, पावकी, निमकी सारे तोंडपाठ. गुरुजींचे देणे धान्यात किंवा सणावाराच्या शिध्यात चुकते होई.

हे ऐकून कोणी म्हणेल, काय सुखाचा काळ हो! पण थोडे थांबा. त्या ओवरीत बसत कोण? बहुतेक करून कुलकर्ण्यांची, जोशांची, सावकारांची मुले. मुली जवळजवळ नव्हत्याच. कुणब्याचा मुलगा क्वचित, आणि ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले होते त्यांची मुले तर मुळीच नाहीत. यादी आखूड होती आणि हजेरीपटही आखूड होता. जुन्या काळाची थोरवी गाताना हे विसरून चालणार नाही.

यादीतली पहिली मोठी वस्तू आली ती छापील पुस्तकाच्या रूपाने. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असताना, १८२२ मध्ये, देशी भाषांतील शालेय पुस्तके तयार करण्यासाठी आणि शाळा चालवण्यासाठी मुंबईत एक मंडळी स्थापन झाली. पुढे १८२७ मध्ये तिचे नाव 'बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी' असे झाले. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस याने गणिताची पुस्तके मराठीत उतरवली. सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी इसापाच्या गोष्टी आणि 'बाळमित्र' मराठी मुलांच्या हाती दिले. १८३६ मध्ये दादोबा पांडुरंगांचे व्याकरण आले. मराठी गद्याचा पायाच या शालेय पुस्तकांनी घातला, असे म्हटले तरी अतिशयोक्ती होणार नाही. पण दुसरी बाजू अशी की, विद्या ही आता विकत घेण्याची वस्तू झाली. पाढे गुरुजींच्या तोंडून फुकट मिळत. पुस्तकाला मात्र किंमत पडे. धूळपाटीच्या जागी दगडी पाटी आली, तीही बाजारातून आणायची.

मग हे सगळे ठेवायला काहीतरी हवे, म्हणून दप्तर आले. या शब्दाची मौज पाहा. फारसीतला हा शब्द सरकारी कागदपत्रांसाठी होता. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कागद कापडी रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. तसाच फडक्यात पाटी-पुस्तक बांधून पोरगा शाळेला निघाला आणि त्या गाठोड्यालाही दप्तर हे नाव पडले. कचेरीचा थाट असा पहिलीतल्या पोराच्या खांद्यावर येऊन बसला!

१८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली आणि आखूड हजेरीपट लांब करण्याचे काम आरंभले. या कामात आडवी येणारी अडचण केवळ फीची नाही, हे जोतीरावांना ठाऊक होते. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी जे निवेदन दिले, त्यात बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी तर आहेच. पण शेतकऱ्याची मुले गुरे राखण्यात आणि शेतात गुंतलेली असतात, म्हणून त्यांना शिष्यवृत्त्या आणि बक्षिसे देऊन शाळेकडे ओढावे, असेही त्यांनी सुचवले. शाळेचे दार उघडे ठेवले म्हणजे झाले, असे मानणाऱ्यांतले ते नव्हते. दारापर्यंत येण्याचाही खर्च असतो, हे त्यांनी सरकारला सांगितले.

तो खर्च किती जिवावरचा असे, याची एक हकीकत सर्वांना ठाऊक असावी. भीमराव आंबेडकर मुंबईत शिकत असताना त्यांना पुस्तकांची फार ओढ. वडील रामजी सुभेदार सैन्यातून निवृत्त झालेले, पेन्शन बेताचे. मुलाने पुस्तक मागितले आणि खिशात पैसे नसले, की रामजी आपल्या लग्न झालेल्या मुलीकडे जात, उसने मागत, नाहीतर तिचा एखादा दागिना घेऊन सावकाराकडे गहाण ठेवीत. पेन्शन हाती आले की तो सोडवून तिला परत करीत. देशाची राज्यघटना ज्यांच्या नेतृत्वाखाली तयार झाली, त्यांच्या शालेय यादीची किंमत एका बहिणीच्या दागिन्याने भरली होती!

विसाव्या शतकात फीच्या भिंती एकेक करून पडू लागल्या. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सबंध संस्थानाला लागू केला. १९११ मध्ये नामदार गोखल्यांनी असेच विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले. ते संमत झाले नाही. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. १९१९ मध्ये भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली, आणि साताऱ्याच्या वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. म्हणजे येथेही शेवटी दागिनाच कामी आला. फी माफ झाल्यावरही मुलाला जेवण लागते, अंगरखा लागतो, पाटी लागते. हे भाऊराव आणि लक्ष्मीबाई ओळखून होते.

इकडे यादीही वाढत होती. बोरूच्या जागी निबेचा टाक आला. त्याबरोबर दौत, टीपकागद आणि सांडलेली शाई पुसायचे फडके आले. शाईची पूड किंवा वडी आणून घरी पाण्यात कालवायची. अशीच पूड आणि वड्या घेऊन १९३१ मध्ये गिरगावात दांडेकर बंधूंनी घोडा छाप शाईचा उद्योग सुरू केला. त्यातूनच पुढे कॅम्लिन हे नाव आणि उंटाचे चित्र घरोघरी पोचले. निदान शाई तरी आपल्या माणसांच्या हातची झाली, याचा त्या काळच्या पालकांना अभिमान वाटे. त्यानंतर दुसरे महायुद्ध आले, कागदाची टंचाई झाली आणि वहीचे एकेक पान मोलाचे ठरले.

तो टंचाईचा संस्कार माझ्या आईवर कायमचा राहिला. आम्ही चार भावंडे. वार्षिक परीक्षा झाली की आई आमच्या सगळ्या वह्या पुढ्यात घेऊन बसे, कोरी राहिलेली पाने हलक्या हाताने सोडवी आणि ती जुळवून दाभणाने नवी वही शिवी. वर जुन्या कॅलेंडरचे पुठ्ठे. पाने एकसारखी नसत. एक आखीव, एक कोरे, एक चौकटीचे. मी पाचवीत असताना वर्गात एका शिक्षकांनी ती वही उचलून सगळ्यांना दाखवली आणि "यादीत सांगितलेली वही घेऊन ये, मगच बस," असे म्हणून मला व्हरांड्यात उभे केले. घरी आल्यावर मी आईला काही बोललो नाही, वडिलांना सांगितले. ते ऐकून गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी कचेरीतून येताना दोन नव्या वह्या घेऊन आले. पगाराला आठ-दहा दिवस अवकाश होता, तेव्हा पैसे उसने आणले असणार. ती शिवलेली वही त्यांनी स्वतःकडे ठेवली आणि वर्षभर घराचा जमाखर्च तिच्यात लिहिला. आईला वाटले, ह्यांना वही फार आवडली!

त्या काळी पुस्तकांचीही एक अडचण होती. वाचनमाला अनेक असत. प्रत्येक शाळा आपल्या पसंतीची लावी. आचार्य अत्र्यांची 'नवयुग वाचनमाला' मुलांच्या फार आवडीची, पण शेजारच्या शाळेत दुसरीच माला असायची. त्यामुळे मामेभावाची पुस्तके आमच्या उपयोगाची नसत. पुढे कोठारी आयोगाच्या शिफारशीनंतर २७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात पाठ्यपुस्तक मंडळ स्थापन झाले. तेच आपले बालभारती. चांद्यापासून बांद्यापर्यंत एकच पुस्तक झाले, तेही माफक किमतीत. त्याचा एक फायदा पालकांनी लगेच ओळखला. पुस्तक थोरल्याकडून धाकट्याकडे, धाकट्याकडून शेजारच्या बबीकडे जाऊ लागले. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात आणि गावोगावच्या दुकानांत जुनी पुस्तके निम्म्या किमतीत मिळत. पुस्तकाच्या पहिल्या पानावर आधीच्या तीन मालकांची नावे खोडलेली असत आणि कठीण शब्दांचे अर्थ समासात आयते लिहिलेले असत!

वह्यांचा प्रश्न एवढा मोठा होता की, १ जुलै १९७५ रोजी जाहीर झालेल्या वीस कलमी कार्यक्रमात विद्यार्थ्यांना नियंत्रित किमतीत पुस्तके व लेखनसाहित्य देण्याचे एक स्वतंत्र कलम घालावे लागले. देशाच्या आर्थिक कार्यक्रमात शाळकरी वहीला जागा मिळाली, यावरून घराघरांतली ओढाताण ध्यानात यावी.

आता अलीकडे येऊ. १९९३ मध्ये प्राध्यापक यशपाल समितीने दप्तराच्या ओझ्याविषयी अहवाल दिला आणि खरे ओझे न समजता शिकण्याचे आहे, असे बजावले. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये, दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे, असा निर्णय काढला. शाळांनी पुस्तके, वह्या, गणवेश यांचे दुकान मांडू नये, अशी सूचना केंद्रीय मंडळाने २०१७ मध्ये आपल्या शाळांना दिली. २०२३–२४ पासून बालभारतीच्या पुस्तकांतच कोरी पाने घालून पाहिली. वह्या कमी होतील हा हेतू. पण मुलांच्या वह्या काही सुटल्या नाहीत, आणि २०२५–२६ पासून ती पाने काढून टाकली. कोरी पाने पुस्तकात घातल्याने यादी आखूड होत नाही. ती लिहिणाऱ्याच्या मनात आधी आखूड व्हावी लागते.

सगळ्यांत महत्त्वाचा शब्द मात्र २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शिक्षण मोफत, हे आपण ऐकतो. पण मोफत म्हणजे काय, हेही कायद्याने सांगितले आहे. मुलाला प्राथमिक शिक्षण घेण्यापासून आणि ते पुरे करण्यापासून रोखील अशी फी, आकार किंवा खर्च त्याच्यावर पडू नये. 'खर्च' हा शब्द तेथे मुद्दाम आहे. जोतीरावांनी १८८२ मध्ये जे सांगितले, ते कायद्याच्या पुस्तकात यायला सव्वाशे वर्षे लागली. सरकारी शाळांत आठवीपर्यंत पुस्तके मोफत मिळू लागली, हे त्याच वाटेवरचे पाऊल. पण वही, रंग आणि प्रकल्पाचा पुठ्ठा अजून बापाच्याच खिशातून येतो. खाजगी शाळेतल्या यादीचे तर विचारूच नका.

यादी नकोच, असे माझे म्हणणे नाही. पाटीशिवाय धडा नाही आणि वहीशिवाय अभ्यास नाही. शिक्षकांनाही साठ मुलांच्या साठ तऱ्हांच्या वह्या तपासताना त्रास होतो, हे मी समजू शकतो. म्हणणे इतकेच की, यादी लिहिणाऱ्याने लेखणी उचलताना वर्गातल्या सर्वांत तोट्यात संसार चालवणाऱ्या घराची आठवण ठेवावी. तेथल्या आईला परवडेल ती यादी चांगली. त्या घरी कोणाचा दागिना गहाण पडत असेल, तर यादीतली ती वस्तू खोडावी.

परवा नातीचे दप्तर आवरताना सूनबाईंनी गेल्या वर्षीच्या त्या निम्म्या वह्या पुढे काढल्या. मी दाभण आणि दोरा मागून घेतला. हात थोडा कापतो, पण टाके अजून सरळ पडतात. तीन वह्या झाल्या. शाळेत त्या चालणार नाहीत, हे मला माहीत आहे. एक नातीने चित्रांसाठी घेतली, एक सूनबाईंनी. तिसऱ्या वहीत मी हा लेख लिहिला आहे.