घरच्या घरी मोशन गेम्सने व्यायाम: दहा बाय बाराच्या खोलीत काय चालतं, काय नाही?

लालबागला आमची चाळीतली खोली आहे, दहा बाय बारा. त्यात लोखंडी कपाट, कॉट, टीव्हीचं स्टूल आणि कोपऱ्यात मोरी. कामावरून लोकलने घरी पोचेपर्यंत रात्रीचे नऊ वाजतात, त्यामुळे जिमची फी भरूनही मी महिन्याभरात जाणं सोडलं. त्यात आईची साखर वाढली. डॉक्टर म्हणाले, "रोज अर्धा तास शरीर हललंच पाहिजे." पावसाळ्यात शिवाजी पार्कला फेऱ्या मारायला कोण जाणार? म्हणून मी मोशन गेम्सकडे वळलो. पहिल्याच दिवशी जागेवर धावण्याचा गेम लावला आणि पंधरा मिनिटांत खालच्या मजल्यावरच्या काकू दारात उभ्या. "काय रे, वर मुसळाने कांडतोयस का?"

तेव्हा कळलं की गेम निवडताना आधी ग्राफिक्स बघायचे नसतात. आपली खोली, आपली जमीन आणि आपल्या खाली कोण राहतं हे बघायचं असतं. या लेखात तेच सविस्तर बघूया.

मोशन गेम म्हणजे नेमकं काय?

साध्या गेममध्ये आपण बटणं दाबतो. मोशन गेममध्ये शरीराची हालचाल हेच बटण असतं. तुम्ही वाकलात, हात फिरवलात, उठाबशा काढल्या की पडद्यावरचं पात्र तसं करतं. पण यंत्राला तुम्ही "दिसता" कसे, याच्या तीन पद्धती आहेत.

१. हातातलं सेन्सर. २००६ साली निन्टेंडोचा 'वी' आला आणि हा प्रकार घराघरात पोचला. त्याच्या रिमोटमध्ये अ‍ॅक्सिलरोमीटर होता, म्हणजे वेग किती आणि कुठल्या दिशेने बदलतोय हे मोजणारी चिप. आज हीच चिप तुमच्या फोनमध्येही आहे. फोन आडवा केला की व्हिडिओ आडवा होतो, तो तिच्यामुळेच. तिच्या जोडीला जायरोस्कोप असतो, तो वळण मोजतो.

२. कॅमेरा. २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० साठी 'किनेक्ट' आणला. तो डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड ठिपक्यांची जाळी खोलीभर टाकतो आणि त्यावरून कुठली वस्तू किती लांब आहे हे ओळखतो. मग शरीराचे २० सांधे शोधून त्यांचा सांगाडा बनवतो. फोनला अशी जाळी लागत नाही. साध्या सेल्फी कॅमेऱ्याच्या चित्रातून सॉफ्टवेअरच सांधे ओळखतं. गूगलचं 'ब्लेझपोझ' नावाचं मॉडेल शरीरावरचे ३३ बिंदू पकडतं.

३. जोर मोजणारं सेन्सर. 'वी फिट' गेमच्या बॅलन्स बोर्डमध्ये चार कोपऱ्यांत चार सेन्सर होते. वजन डावीकडे झुकलं की उजवीकडे, हे त्यातून कळायचं. २०१९ साली निन्टेंडो स्विचसाठी आलेल्या 'रिंग फिट अ‍ॅडव्हेंचर'मध्ये प्लास्टिकची गोल रिंग मिळते. ती किती दाबली किंवा ताणली हे आतलं सेन्सर मोजतं. दुसरा कंट्रोलर पट्ट्याने डाव्या मांडीला बांधायचा, म्हणजे पाय किती उचलला हेही गेमला कळतं.

सेन्सरला जेवढं दिसतं, तेवढेच मार्क

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच. गेम तुमचा व्यायाम मोजत नाही, तो सेन्सरची हालचाल मोजतो.

'जस्ट डान्स'चं उदाहरण घ्या. या मालिकेच्या कामात युबिसॉफ्टच्या पुण्यातल्या स्टुडिओचाही हात आहे. तिचं 'जस्ट डान्स नाऊ' हे अ‍ॅप घेतलं की कन्सोल लागत नाही. टीव्ही किंवा लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये गाणं लावायचं आणि फोन उजव्या हातात धरून नाचायचं. पण फोनला फक्त तो उजवा हात कळतो. मी एकदा कॉटवर बसून नुसतं मनगट हलवलं, तरी बऱ्यापैकी स्टार मिळाले! म्हणजे स्कोअर वाढला, पण घाम आला नाही.

कॅमेऱ्याला फसवणं जास्त कठीण, पण त्याचीही मर्यादा आहे. उठाबशा काढताना गुडघे आत वळतायत का, कंबर गोल होतेय का, हे समोरच्या एका कॅमेऱ्याला नीट दिसत नाही. दादरच्या समर्थ व्यायाम मंदिरासारख्या ठिकाणी मल्लखांब शिकताना चूक झाली की सर तिथल्या तिथे थांबवतात. गेम तसं थांबवेलच असं नाही. त्यामुळे एखादी हालचाल पहिल्यांदा करताना माहीतगार माणसाकडून बघून घ्या किंवा निदान आरशासमोर करून बघा.

कोणत्या गेमला किती जागा लागते?

परळ-वरळीच्या जुन्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. गिरगावातल्या कित्येक खोल्या त्याहून लहान. आता गेमचं गणित बघा.

किनेक्ट: एका माणसाला सेन्सरपासून सुमारे ६ फूट लांब उभं राहावं लागतं, दोघांना ८ फूट. कपाट आणि कॉट वगळून आमच्याकडे मोकळी जागा जेमतेम साडेपाच फूट उरते. म्हणजे किनेक्ट बाद.

फोनचा कॅमेरा: डोक्यापासून पायापर्यंत सगळं चौकटीत यावं लागतं. माझ्या खोलीत त्यासाठी दाराला पाठ टेकवायला लागली. फोन कमरेच्या उंचीवर ठेवला आणि चटई तिरकी टाकली तेव्हा जमलं. खिडकी किंवा ट्यूबलाइट तुमच्या पाठीमागे नको, समोर हवी. नाहीतर कॅमेऱ्याला फक्त काळी सावली दिसते. आणि चाळीत दार उघडं असतं हे विसरू नका. मध्येच शेजारचा पोरगा आत आला की गेम गोंधळतो.

रिंग फिट आणि 'फिटनेस बॉक्सिंग': यांना कॅमेऱ्यासाठी लांब जावं लागत नाही. एक चटई मावली आणि दोन्ही हात पसरल्यावर काही लागलं नाही, की झालं. लहान खोलीसाठी हा प्रकार सगळ्यात सोयीचा.

व्हीआर हेडसेट: मेटा क्वेस्टला फिरून खेळायचं तर किमान साडेसहा बाय साडेसहा फूट मोकळी जागा लागते. शिवाय डोळे झाकलेले. आमच्या खोलीत पहिला ठोसा पंख्याच्या रेग्युलेटरला बसेल.

खालच्या काकूंचं काय?

जुन्या चाळींत मजले बऱ्याचदा लाकडी असतात. उडी मारली की सगळी जमीन ढोलासारखी वाजते. स्लॅब असला तरी दणका खाली पोचतोच. यावर तीन उपाय मला लागू पडले.

पहिला, रिंग फिटमधला शांत मोड. सेटिंगमध्ये जाऊन हा चालू केला की जागेवर धावायच्या ऐवजी गुडघे थोडे वाकवून वरखाली व्हायचं. पाय जमिनीवरून उचलायचेच नाहीत. आवाज शून्य आणि मांड्यांना उलट जास्त ताण.

दुसरा, जाड मॅट. पण मॅटवर जास्त भरवसा नको. तिने पायांचा आवाज कमी होतो, उडीचा दणका पूर्ण जात नाही.

तिसरा, वेळ. मी काकूंना सरळ विचारलं, "काकू, तुम्हाला कधी चालेल?" त्या म्हणाल्या, "मी साडेसातला मालिका लावते, तेव्हा काय पाहिजे तो धिंगाणा घाल. रात्री दहानंतर नको." आता उड्यांचे गेम सुट्टीच्या दिवशी साडेसातला आणि कामाच्या दिवशी रात्री शांत मोड. भांडण संपलं.

याला खरा व्यायाम म्हणता येईल का?

२००७ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक छोटा अभ्यास आला होता. १३ ते १५ वर्षांच्या ११ मुलामुलींना 'वी स्पोर्ट्स' आणि बसून खेळायचे गेम दिले. बसून खेळण्यापेक्षा 'वी'मध्ये ऊर्जा नक्कीच जास्त खर्च झाली, पण खरा टेनिस किंवा बॉक्सिंग खेळताना लागते तेवढी नाही. अकराच मुलं असल्यामुळे यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत, पण दिशा कळते. मोशन गेम हा सोफ्यापेक्षा बरा, मैदानापेक्षा कमी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार मोठ्या माणसांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करावा. ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं. गेम यात मोजायचा का? दोन सोप्या कसोट्या लावा.

बोलण्याची कसोटी: गेम चालू असताना बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, तर व्यायाम मध्यम. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतोय, तर जोरदार. आरामात गाणं म्हणताय? मग लेव्हल वाढवा.

नाडीची कसोटी: २२० मधून तुमचं वय वजा करा. हा अंदाजे कमाल ठोक्यांचा आकडा. त्याच्या ६४ ते ७६ टक्के म्हणजे मध्यम व्यायाम. २० वर्षांच्या मुलासाठी हे मिनिटाला १२८ ते १५२ ठोके होतात. गेम थांबवून लगेच मनगटावर १५ सेकंद ठोके मोजा. ३२ ते ३८ आले तर बरोबर चाललंय.

गेममध्ये दिसणाऱ्या कॅलरी हा फक्त अंदाज असतो. त्या बघून वडापाव जास्तीचा खाऊ नका!

विकत घेण्याआधी हे तपासा

१. आधी फोकटात सुरू करा. फोन आहेच. 'अ‍ॅक्टिव्ह आर्केड'सारखी कॅमेऱ्यावर चालणारी अ‍ॅप्स किंवा 'जस्ट डान्स नाऊ' दोन आठवडे वापरा. सवय लागली तरच पैसे घाला.

२. कॅमेऱ्याची परवानगी 'अ‍ॅप वापरताना फक्त' एवढीच द्या. व्हिडिओ फोनमध्येच राहतो की बाहेर पाठवला जातो, हे अ‍ॅपच्या गोपनीयता धोरणात वाचा. घरातली माणसं मागे दिसतात, म्हणून हे महत्त्वाचं.

३. फोनचा पडदा वायफायने टीव्हीवर टाकला तर चित्र थोडं उशिरा येतं आणि तुमचा ठोसा चुकीच्या वेळी मोजला जातो. शक्य असेल तर एचडीएमआय केबल लावा आणि टीव्हीचा गेम मोड चालू करा.

४. स्विच घेताना 'स्विच लाइट' घेऊ नका. त्याचे कंट्रोलर सुटे होत नाहीत आणि तो टीव्हीला जोडताही येत नाही. स्विच २ असेल तर त्याचे नवे कंट्रोलर रिंगमध्ये बसत नाहीत, जुने जॉय-कॉन वेगळे लागतात. आयात केलेला माल असेल तर वॉरंटी कोण देणार हे बिलावर लिहून घ्या.

५. लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन जुना किनेक्ट स्वस्त दिसला तर दोन गोष्टी बघा. जुन्या जाड एक्सबॉक्स ३६० ला किनेक्ट जोडायला वेगळा पॉवर अ‍ॅडाप्टर लागतो. आणि एक्सबॉक्स ३६० चं ऑनलाइन दुकान जुलै २०२४ मध्ये बंद झालं, त्यामुळे गेमची डिस्क सोबत मिळते का ते विचारा.

दुखापत टाळायची असेल तर

मनगटाचा पट्टा घालाच. 'वी'चे रिमोट लोकांच्या हातून सुटू लागले तेव्हा डिसेंबर २००६ मध्ये निन्टेंडोला सुमारे ३२ लाख पट्टे बदलून द्यावे लागले होते. फोन हातात धरून नाचत असाल तर आर्मबँड घ्या.

पहिल्या दिवशी दोन तास खेळू नका. २००७ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये २९ वर्षांच्या एका निवासी डॉक्टरची केस छापून आली. 'वी'वर तासन्‌तास टेनिस खेळून त्याचा खांदा दुखायला लागला होता. सुरुवात १५ मिनिटांनी करा, आधी वॉर्म-अप आणि शेवटी स्ट्रेचिंग.

घरात कुणाला साखर, बीपी, हृदयाचा किंवा गुडघ्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच सुरू करा. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर व्यायामाने साखर अचानक उतरू शकते. हे आम्ही आईच्या बाबतीत आधीच विचारून घेतलं.

आमचं आता काय चाललंय?

आई सुरुवातीला म्हणाली, "ही पोरांची थेरं माझ्याच्याने नाही व्हायची." मग एक दिवस मी घरी नसताना तिने स्वतःच रिंग हातात घेतली. आता ती खुर्चीवर बसून रिंग दाबते, मधूनमधून उभी राहून सावकाश वाकते. बाकीचा वेळ गॅलरीत चालते. मी आठवड्यातून चार दिवस अर्धा तास शांत मोडमध्ये खेळतो, म्हणजे १२० मिनिटं. उरलेली ३० मिनिटं करी रोड स्टेशनपर्यंत भरभर चालत भरून काढतो.

आणि खालच्या काकू? परवा त्याच विचारत होत्या, "तो गोल रिंगवाला खेळ माझ्या गुडघ्यांना चालेल का रे?" मी म्हटलं, "काकू, आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. ते हो म्हणाले तर साडेसातची मालिका संपली की वर या."