वसई-विरारमधील खासगी सांडपाणी वाहिन्यांची देखभाल

खासगी सांडपाणी वाहिन्यांची देखभाल म्हणजे इमारतीतील मोरी, स्वयंपाकघर व शौचालय यांपासून सार्वजनिक गटारापर्यंत किंवा सेप्टिक टँकपर्यंत जाणाऱ्या नळांची, चेंबरांची व टाक्यांची ठरावीक काळाने केली जाणारी पाहणी आणि सफाई होय. सार्वजनिक नाले व गटारे यांची सफाई स्थानिक स्वराज्य संस्था करते; आवाराच्या आतील भागाची जबाबदारी मालकाची, गृहनिर्माण संस्थेची किंवा व्यावसायिकाची असते.

भौगोलिक पार्श्वभूमी

पालघर जिल्ह्यातील वसई तालुक्याच्या उत्तरेस वैतरणा नदी, दक्षिणेस वसईची खाडी आणि पश्चिमेस अरबी समुद्र आहे. सखल भागांत भरतीच्या वेळीच मुसळधार पाऊस झाल्यास नाल्यांतील पाण्याचा निचरा मंदावतो आणि गाळाने भरलेल्या खासगी वाहिन्या आधी तुंबतात. जुलै २०१८ मधील पुरानंतर वसई-विरार शहर महानगरपालिकेने कारणांच्या अभ्यासाचे काम निरी आणि आयआयटी मुंबई या संस्थांकडे सोपवले.

भुईगाव, निर्मळ, वाघोली अशा किनारपट्टीवरील गावांत वाड्या, विहिरी आणि बावखळे आहेत. बावखळ हे पावसाचे पाणी साठवणारे व जमिनीत मुरवणारे पारंपरिक तळे होय. सेप्टिक टँक गळका असल्यास किंवा शोषखड्डा विहिरीजवळ असल्यास याच पाण्यात मैला मिसळण्याचा धोका असतो.

घरमालक व गृहनिर्माण संस्था

नियमित देखभालीत चेंबरची झाकणे उघडून गाळ काढणे, मोरीच्या जाळ्या साफ करणे, नळांचा उतार व सांधे तपासणे आणि झाडांची मुळे वाहिनीत शिरली आहेत का ते पाहणे यांचा समावेश होतो. हे काम पावसाळ्यापूर्वी, मे महिन्याअखेर, पूर्ण करणे सोयीचे ठरते. पावसाचे पाणी सांडपाण्याच्या वाहिनीत सोडल्यास ती क्षमतेबाहेर भरते. सेप्टिक टँकमधील गाळ साधारणपणे दर दोन ते तीन वर्षांनी यंत्राद्वारे उपसला जातो.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार, विरुद्ध करार नसल्यास, जागा राहण्यायोग्य स्थितीत ठेवणे घरमालकावर बंधनकारक आहे. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही वाजवी मुदतीत दुरुस्ती न झाल्यास भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र एका वर्षात ही रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक असू शकत नाही.

खाद्यव्यवसाय

उपाहारगृहांच्या सांडपाण्यात तेल, तूप व चरबी अधिक असते. गरम पाण्याबरोबर वाहणारे हे पदार्थ नळात थंड होऊन थिजतात आणि त्यांवर अन्नकण चिकटून वाहिनी अरुंद होते. यासाठी भांडी धुण्याच्या सिंकनंतर ग्रीस ट्रॅप बसवतात. त्यातील संथ पाण्यावर तेल तरंगते, जड कण तळाशी बसतात आणि मधले पाणी पुढे जाते. साठलेला थर वेळेवर न काढल्यास तेल पुन्हा वाहिनीत उतरते. सफाईपूर्वी ताटांतील खरकटे कोरडेच काढणे आणि वापरलेले तेल मोरीत न ओतता वेगळे साठवणे हे उपाय परिणामकारक ठरतात. अन्नसुरक्षा व मानके विनियम, २०११ च्या परिशिष्ट ४ मध्ये सांडपाणी व कचऱ्याच्या विल्हेवाटीची व्यवस्था आवश्यक मानली आहे.

कामगारांची सुरक्षितता

बंद टाक्यांत हायड्रोजन सल्फाइड व मिथेन हे वायू साठतात आणि प्राणवायू कमी होतो. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण जास्त असल्यास वास जाणवेनासा होतो. त्यामुळे वास न येणे हे सुरक्षिततेचे लक्षण नव्हे. आत कोसळलेल्या व्यक्तीला वाचवण्यासाठी साधनांविना उतरणारेही अनेकदा मृत्युमुखी पडतात. एप्रिल २०२४ मध्ये विरार पश्चिमेतील एका खासगी सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पात चार कामगारांचा मृत्यू झाला.

हाताने मैला साफ करण्यास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या केंद्रीय कायद्याने संरक्षक साधने व खबरदारीविना गटार किंवा सेप्टिक टँक साफ करून घेणे दंडनीय ठरवले आहे. पहिल्या गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद असून ती खासगी मालकांनाही लागू होते. २० ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंसाठीची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. नियमित देखभाल आणि यंत्राद्वारे वेळेवर उपसा यांमुळे माणसाला टाकीत उतरवण्याची वेळ सहसा येत नाही.