चित्रा झडपेची जन्मकथा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मुलाचा घसा दुखतो, दोन दिवस ताप येतो. मिठाच्या गुळण्या आणि हळदीचं दूध यावर घरात भागतं आणि मूल पुन्हा शाळेत जाऊ लागतं. बहुतेक वेळा गोष्ट इथेच संपते. क्वचित एखाद्या मुलाच्या बाबतीत ती संपत नाही. स्ट्रेप्टोकॉकस जातीच्या जंतूंनी घसा धरलेला असतो आणि त्यांच्याशी लढायला शरीराने उभी केलेली फौज दोन-तीन आठवड्यांनी आपल्याच माणसावर उलटते. गुडघे सुजतात, घोटे सुजतात. आज हा सांधा, उद्या तो. मग सूज उतरते आणि घरचे निर्धास्त होतात. पण त्याच वेळी हृदयातल्या झडपाही सुजलेल्या असतात आणि ती सूज जाताना व्रण ठेवून जाते. हा ऱ्हुमॅटिक ताप. तो सांधे चाटतो आणि हृदयाला चावतो, असं डॉक्टर मंडळी पूर्वीपासून म्हणत आली आहेत.

या चाव्याची खूण पुढे कित्येक वर्षांनी दिसते. जिना चढताना धाप लागते, रात्री आडवं झालं की श्वास कोंडतो. अनेक बायकांच्या बाबतीत तर पहिल्या बाळंतपणात हृदयावर ताण आला की मगच दुखणं उघडकीला येतं. हा प्रामुख्याने गरिबीचा, दाटीच्या वस्तीचा रोग आहे. श्रीमंत देशांतून तो विसाव्या शतकात जवळजवळ हद्दपार झाला. आपल्याकडे राहिला.

झडप खराब होते म्हणजे काय होतं, ते आधी पाहू. हृदयात चार झडपा असतात आणि त्यांचं काम रक्ताला एकाच दिशेने जाऊ देणं. विहिरीवरच्या पंपाला खाली फूटव्हॉल्व्ह असतो, तसंच. ऱ्हुमॅटिक तापाचा राग जास्त करून डाव्या बाजूच्या मायट्रल झडपेवर असतो. तिचे पातळ पडदे जाड होतात, कडा एकमेकांना चिकटतात. मग वाट अरुंद होते, किंवा झडप नीट मिटत नाही आणि रक्त मागे गळतं. फार बिघाड झाला की झडप बदलण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

आता थोडं गणित करू. मिनिटाला ७२ ठोके धरले तर दिवसाला एक लाखाहून जास्त ठोके होतात आणि वर्षाला पावणेचार कोटींहून जास्त. पंचविशीतल्या मुलीला बसवलेली झडप आणखी २० वर्षं चालायची, तर तिने ७५ कोटी वेळा उघडमीट केली पाहिजे. तीही खाऱ्या, कोमट रक्तात, एकदाही न अडखळता. तेलपाणी नाही, सुटे भाग नाहीत. असं यंत्र बनवायचं म्हणजे शल्यविशारदाइतकीच इंजिनियरची परीक्षा.

पहिली परीक्षा अमेरिकेत झाली. १९५२ साली चार्ल्स हफ्नेगल या शल्यविशारदाने प्लॅस्टिकच्या नळीत हलणारी गोळी असलेली झडप रुग्णाच्या महाधमनीत बसवली. हृदयाच्या आत नव्हे, तिथून खाली उतरणाऱ्या वाहिनीत, कारण हृदय थांबवून आत काम करण्याची सोय तेव्हा नव्हती. तिचा टकटक आवाज बाजूला बसलेल्या माणसालाही ऐकू जाई. पुढे १९६० मध्ये अल्बर्ट स्टार हा तरुण सर्जन आणि लॉवेल एडवर्ड्स हा निवृत्त इंजिनियर या जोडीने पिंजऱ्यातल्या गोळीची झडप खुद्द हृदयात बसवली. एडवर्ड्स आला होता कृत्रिम हृदय बनवण्याच्या कल्पनेने. स्टारने त्याला सांगितलं, आधी एक झडप तर करून दाखवू. दशक संपता संपता गोळीची जागा तिरप्या होणाऱ्या चकतीने घेतली. चकती कमी जागा व्यापते आणि रक्ताला वाट मोकळी देते.

भारतात शस्त्रक्रिया करणारे हात तयार झाले, पण झडप परदेशातूनच यायची आणि किंमत परकीय चलनात मोजावी लागायची. ज्या रोगाचे रुग्ण मुख्यतः गरीब, त्याचा इलाज मात्र डॉलरमध्ये. हे कोडं ज्यांनी मनावर घेतलं ते डॉ. मार्तंड वर्मा शंकरन वलियाथन. केरळातल्या मावेलिक्करा गावचे. शिक्षण तिरुअनंतपुरम आणि इंग्लंडमध्ये. पुढे अमेरिकेत त्यांनी ज्यांच्या हाताखाली काम केलं, त्यांत हफ्नेगलही होते.

१९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात ते परत आले. त्रावणकोरच्या राजघराण्याने १९७३ साली केरळ सरकारला रुग्णालयासाठी एक इमारत देऊ केली होती. त्रावणकोरचे अखेरचे महाराज चित्तिरा तिरुनाळ यांच्या नावाने ती संस्था उभी राहिली. वलियाथन यांनी तिथे रुग्णालयाच्या जोडीला यंत्रं आणि साहित्य बनवणारा विभाग हवा, असा आग्रह धरला. त्याला जागा मिळाली पूजापुरा भागातल्या सॅटेलमंड राजवाड्यात. एके काळच्या राणीच्या निवासात लेथ, भट्ट्या आणि प्रयोगशाळा आल्या. १९८० मध्ये संसदेने कायदा करून श्री चित्रा तिरुनाळ संस्थेला राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा दिला. डॉक्टर आणि इंजिनियर एकाच छताखाली, एकाच पगारपत्रकावर, ही गोष्ट तेव्हा आपल्याकडे नवलाची होती. माझ्या मते झडपेइतकंच हे वलियाथन यांचं मोठं काम. याच राजवाड्यात रक्ताची प्लॅस्टिकची पिशवीही तयार झाली आणि काचेच्या बाटल्यांची गरज कमी झाली. पण ती वेगळी कथा आहे.

झडपेचं काम जी. एस. भुवनेश्वर या इंजिनियरकडे आलं. प्रकार ठरला तिरप्या चकतीचा. दिसायला सोपी वस्तू. धातूचं कडं, त्यातून आत आलेले दोन आकडे, त्यांच्यात अडकलेली चकती आणि बाहेरून टाके घालण्यासाठी पॉलिएस्टर कापडाची पट्टी. सगळं मिळून जुन्या रुपयाच्या नाण्याएवढं.

पहिल्या नमुन्यात आकडे कड्याला वेल्डिंग करून जोडले होते. हृदयापेक्षा कितीतरी वेगाने झडप उघडमीट करवणाऱ्या यंत्रात ती चढवली आणि वेल्डिंगचा जोड तुटला. नमुना रद्द.

इथे क्षणभर थांबायला हवं. साधारण त्याच काळात, १९७९ पासून, अमेरिकेतल्या एका नामांकित झडपेची सुधारित आवृत्ती जगभर वापरात आली. ब्यॉर्क-शायली असं तिचं नाव. तिचाही एक आकडा वेल्डिंगने जोडलेला होता. तो जोड तुटायला लागला तो प्रयोगशाळेत नव्हे, माणसांच्या हृदयात. १९८६ मध्ये ती बाजारातून मागे घेतली, तोवर सुमारे ८६ हजार झडपा बसवून झाल्या होत्या. सहाशेहून जास्त तुटल्या आणि तुटलेल्यांपैकी बहुतेक रुग्ण दगावले. बाकीच्यांनी पुढची वर्षं, आपली झडप तुटेल की नाही, या टांगत्या तलवारीखाली काढली. तिरुअनंतपुरमच्या राजवाड्यात तुटलेला जोड त्या मानाने किती स्वस्तात सुटला, हे यावरून कळेल.

दुसऱ्या नमुन्यात वेल्डिंगच काढून टाकलं. टायटॅनियमच्या एका सलग तुकड्यातून कडं आणि आकडे कोरून काढले आणि चकती घेतली नीलमची. म्हणजे शनीच्या अंगठीतला खडा नव्हे, कारखान्यात वाढवलेला स्फटिक. कठीणपणात हिऱ्याच्या खालोखाल, त्यामुळे ती झिजायचा प्रश्न नाही. ती झिजलीही नाही. तिने टायटॅनियम झिजवलं. धातूचा चुरा रक्तात जाणं परवडणारं नव्हतं. दुसरा नमुनाही रद्द.

तिसऱ्या वेळी धातू बदलला. हेन्स-२५ हा कोबाल्ट आणि क्रोमियम असलेला मिश्रधातू जेट इंजिनांसारख्या तापत्या यंत्रांत वापरतात. चकती नीलमचीच ठेवली. यंत्रावरच्या चाचण्या पार पडल्या आणि झडप मेंढ्यांच्या हृदयात बसवली. तीन महिन्यांनी एक मेंढी मेली. पाहिलं तर नीलमची चकती फुटली होती. कठीण वस्तू अनेकदा ठिसूळही असते.

या टप्प्यावर किती जणांनी सल्ला दिला असेल, पुरे आता, आयात करा, याची कल्पना करता येते. वर्षं उलटली होती, सरकारी पैसा खर्च झाला होता आणि हाती तीन फसलेले नमुने होते. आपल्याकडे फसलेल्या प्रयोगाची नोंद सहसा फायलीत दडपतात. या गटाने प्रत्येक अपयश कशामुळे आलं हे कागदावर मांडलं आणि पुढे प्रसिद्धही केलं. म्हणून तर ही हकिगत आज सांगता येते.

चौथ्या नमुन्यात त्यांनी कठीणपणाचा नादच सोडला. चकती केली पॉलिथिनची. बाजारातल्या पिशवीचंच घराणं, पण रेणूंच्या साखळ्या कितीतरी लांब, त्यामुळे चिवट आणि गुळगुळीत. हृदयाच्या झडपेत प्लॅस्टिकची चकती म्हटल्यावर नाकं मुरडली जाणं साहजिक होतं, कारण परदेशी झडपांत तेव्हा कार्बनच्या चकतीचा बोलबाला होता. पण या प्लॅस्टिकने आपली परीक्षा आधीच दुसरीकडे दिली होती. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली या अस्थिशल्यविशारदाने १९६२ पासून कृत्रिम खुब्याची वाटी याच जातीच्या पॉलिथिनची बनवली होती. त्याआधी टेफ्लॉनची वाटी वापरून तो फसला होता. दुसऱ्यांदा फसू नये म्हणून त्याने दोन्ही पदार्थांचे नमुने आपल्याच मांडीत बसवून घेतले. टेफ्लॉनने त्रास दिला, पॉलिथिनने नाही. खुब्यात माणसाचं वजन पेलणाऱ्या पदार्थाला झडपेतली उघडमीट जड नव्हती. शिवाय चकती काम करताना स्वतःभोवती हळूहळू फिरते, त्यामुळे एकच कड झिजत नाही. आणि प्लॅस्टिक धातूवर आपटलं की आवाजही कमी होतो.

यंत्रावर ही झडप कोट्यवधी आवर्तनं टिकली, मेंढ्यांतही टिकली. ६ डिसेंबर १९९० रोजी श्री चित्रा संस्थेत ती पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसवली गेली. त्यानंतरही घाई झाली नाही. जानेवारी १९९५ पर्यंत देशातल्या सहा केंद्रांत ३०६ रुग्णांना ती बसवून त्यांचा पाठपुरावा केला गेला. काही रुग्ण दगावले, काहींना गुठळ्यांचा त्रास झाला, हे कुठल्याही यांत्रिक झडपेला चुकत नाही. पण एकही झडप तुटली नाही.

तिचं उत्पादन टीटीके उद्योगसमूहाने हाती घेतलं. प्रेस्टिज कुकरमुळे हे नाव आपल्या स्वयंपाकघरात पूर्वीच पोचलेलं आहे. परदेशी झडपेपेक्षा ती बरीच स्वस्त पडली आणि आजवर लाखाहून अधिक रुग्णांच्या हृदयात बसली. डॉ. वलियाथन यांना २००५ मध्ये पद्मविभूषण मिळालं. उत्तरायुष्यात ते चरक, सुश्रुत, वाग्भट यांच्या ग्रंथांच्या अभ्यासात रमले. जुलै २०२४ मध्ये त्यांचं निधन झालं.

दरम्यान झडपांचं तंत्र पुष्कळ पुढे गेलं आहे. २००२ साली फ्रान्समध्ये अलँ क्रिबिए यांनी छाती न उघडता, रक्तवाहिनीतून नळी सरकवून झडप बसवली. आता गुजरातेत वापी इथेही तशी झडप बनते. वर्तमानपत्रांतून हिचं कौतुक वाचून रुग्णाचे नातेवाईक विचारतात, आमच्या मुलीला तीच बसवा ना. पण ती मुख्यतः म्हातारपणी कडक झालेल्या महाधमनीच्या झडपेसाठी आहे. ऱ्हुमॅटिक तापाने चिंबलेल्या मायट्रल झडपेवर, आणि तरुण वयात, तिचा उपयोग मर्यादित आहे. तिथे अजून चकतीची झडपच हाताशी येते. खरं तर घसादुखीच्या वेळीच योग्य औषध मिळालं आणि एकदा ताप येऊन गेलेल्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन चुकवलं नाही, तर झडपेपर्यंत वेळच येऊ नये. ते इंजेक्शन झडपेच्या मानाने अगदीच स्वस्त आहे. दुखतं फार, म्हणून मुलं पळतात.

आणि झडप बसली म्हणजे सुटका झाली, असंही नाही. परक्या वस्तूवर रक्त गोठू पाहतं, म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. कमी पडली तर झडपेवर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. मात्रा बरोबर आहे की नाही, हे आयएनआर नावाच्या रक्ततपासणीने कळतं. मायट्रल जागी यांत्रिक झडप असेल तर हा आकडा साधारण अडीच ते साडेतीनच्या दरम्यान राहावा लागतो. पालक-मेथी खायला बंदी नाही, पण एका दिवशी ताटभर आणि पुढे पंधरा दिवस अजिबात नाही, असं केलं की आकडा हलतो. डोकेदुखीची साधी गोळीही विचारून घ्यायची. दिवस राहण्याचा विचार असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं, कारण ही गोळी गर्भाला अपाय करू शकते. खेड्यातल्या बाईला या तपासणीसाठी एक दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला जावं लागतं. पर्समध्ये एक कार्ड ठेवायचं. झडप कोणती, कधी बसवली, गोळी कोणती, हे त्यावर लिहिलेलं असतं. दात काढायचा असला तरी आधी ते दाखवायचं.